नलूमावशीचं गॅरेज

फेब्रुवारीतली दुपार होती. चपला बाहेर काढून मी नलूमावशीच्या गॅरेजमध्ये पाऊल टाकलं आणि तळव्यातून गारवा थेट गुडघ्यापर्यंत चढला. गुडघे आता चोपन्न वर्षांचे आहेत, त्यांनी कुरकुर केली. तळव्यांनी मात्र ती शहाबादी फरशी लगेच ओळखली. खडबडीत दगड पायांनी झिजून झिजून असा होतो, की त्याला गुळगुळीत म्हणावं तर त्याचा अपमान होईल. तो मऊ होतो. दगड मऊ होतो हे मी पुण्यात कुणाला सांगितलं तर लोक विषय बदलतात.

गॅरेज म्हणायचं ते केवळ सवयीने. मावशीचे यजमान, आमचे काका, ओझरच्या विमानाच्या कारखान्यात होते. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत बंगला बांधताना त्यांनी हौसेने मोटारीसाठी गॅरेज काढलं. मोटार यायच्या आधी मावशीकडे कथक शिकायला चार मुली आल्या. मग नऊ झाल्या, मग एकोणीस. मोटार शेवटपर्यंत आली नाही. विमानं बनवणाऱ्या माणसाला मोटारीचं काय कौतुक, असं काका म्हणायचे आणि स्कूटर बाहेर बोगनवेलीखाली भिजत ठेवायचे.

या वेळी मी आले होते ते हे गॅरेज बंद करायला.

म्हणजे तसं स्पष्ट कुणी म्हटलं नव्हतं. माझा मावसभाऊ सुहास बंगळूरला असतो. त्याने फोनवर एवढंच सांगितलं, की आईला ऐकू येईनासं झालंय, डॉक्टरांनी दोन्ही कान गेल्यात जमा आहेत म्हणून सांगितलं, आणि तरी ती वर्ग घेते. कुणी पालक उद्या तोंडावर काही बोललं तर तिला सोसायचं नाही. तेव्हा तूच जाऊन तिला समजव. आमच्या घरात मी समजूतदार म्हणून ओळखली जाते. याचा अर्थ एवढाच, की जी कामं कुणालाच नको असतात ती माझ्याकडे येतात. मी निघाले तेव्हा पिशवीत बाकरवडीचा पुडा होता आणि डोक्यात पाठ केलेलं भाषण. बाकरवडी घाटात संपली. भाषण तेवढं शिल्लक होतं.

कानाचं यंत्र सुहासने आणून दिलं होतं. ते कपाटात, रुमालात गुंडाळलेलं असतं. मावशी म्हणते, त्यातून घुंगरू पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखे वाजतात. त्यापेक्षा काही नको.

आणि हे त्या बाईचं, जिच्या कानाच्या धाकात मी नऊ वर्षं काढली.

आम्ही समोरच्याच गल्लीत राहायचो. आईने मला सातव्या वर्षी बहिणीच्या ताब्यात दिलं ते मुलगी जरा सडपातळ व्हावी म्हणून. त्यातलं काहीच झालं नाही. वर्ग चालू असताना मावशी पुष्कळदा स्वयंपाकघरात असायची. बारा जणींचे चोवीस पाय गॅरेजात तत्कार करत असायचे, 'ता थेई थेई तत्', आणि तिकडे कढईत पुऱ्या चुरचुरत असायच्या. मधूनच आतून आवाज यायचा, "मागची रांग, तिसरी, डावी टाच पडली नाही." तिसरी म्हणजे मी. नेहमी मीच. मी जागा बदलून पाहिली. पहिल्या रांगेत गेले. आतून आवाज आला, "पुढची रांग, डावीकडून दुसरी, जागा बदलून टाच सुधारत नाही."

घुंगरांतलं एखादं फुटलं असेल, तर ते कुणाच्या कुठल्या पायातलं आहे हे ती पाठमोरी सांगायची. घुंगरू आम्ही आमचे आम्ही ओवायचे, हा तिचा नियम. दसऱ्याआधीच्या रविवारी फरशीवर सतरंजी पसरायची, मधे घुंगरांचा ढीग ओतायचा, आणि जाड सुती दोरीत एकेक घुंगरू गाठ मारून बसवायचं. प्रत्येकाला स्वतंत्र गाठ. हातांना पितळेचा आंबट वास लागायचा, तो दोन दिवस जेवतानाही यायचा. माझ्या गाठी सैल. नाचताना माझे घुंगरू गॅरेजभर घरंगळत जायचे आणि बाकीच्या मुली ते वेचून आणून द्यायच्या. वर्गात माझी वाजण्यापेक्षा सांडण्याची ख्याती जास्त होती.

खंडेनवमीला एकाच पाटावर काकांचे पाने, मोजमापाची नाजूक हत्यारं आणि मावशीचे दोनशे घुंगरू मांडलेले असायचे. वर झेंडूची फुलं. काका पूजा सांगायचे, मावशी हळदीकुंकू वाहायची. त्यात एकदा काकांनी विचारलं होतं, की देव नक्की कुणाचं आधी ऐकेल. मावशीने उत्तर दिलं नाही, फक्त घुंगरांची जोडी पाटावर जराशी पुढे सरकवली.

थंडीतल्या सकाळी मला अजून आठवतात. तेव्हा गंगापूर रोडच्या पलीकडे द्राक्षाचे मळे सुरू व्हायचे. धुरळणी झाली, की गंधकाचा वास धुक्याबरोबर गॅरेजात यायचा. फरशी बर्फासारखी. आम्ही मोजे मागायचो. मावशी म्हणायची, फरशी तुम्ही गरम करायची, तिने तुम्हाला नाही. मग दहा मिनिटं नुसता तत्कार. हळूहळू पायांखालचा दगड खरंच कोमट व्हायचा. निदान आमची तशी समजूत असायची. बाहेरून दूधवाल्याच्या सायकलची घंटा यायची, ती तालात नसली तर मावशीच्या कपाळाला आठी पडायची. बिचाऱ्या दूधवाल्याला कधीच कळलं नाही, की गल्लीत आपलं रोज मूल्यमापन होतं.

तिचा आणखी एक कडक नियम होता. नाचताना ओठ हलवायचे नाहीत. बोल मनात. पुटपुटणाऱ्या मुलीला ती विचारायची, जप करतेस का? उभं राहून, हाताने ताल धरून बोल म्हणायचे ते वेगळं, त्याला पढंत म्हणतात. आणि पढंतीत मी चक्क बरी होते. माझा आवाज मोठा होता. दर वर्षीच्या कार्यक्रमात मी तीन वर्षं सलग गोवर्धन पर्वत होते, म्हणजे काळी चादर घेऊन बसायचं आणि कृष्णाने करंगळी लावली की उठायचं. चौथ्या वर्षी मावशीने मला पर्वतपदावरून काढून पढंतीला बसवलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली आणि शेवटची बढती.

देवळाली कॅम्पच्या मुली बसने यायच्या. फौजेतल्या लोकांच्या मुली, केस तेल लावून घट्ट बांधलेले, शिस्तीच्या. मावशी त्यांच्याशी हिंदी बोलायची. "बेटा, पाँव आपटो मत, ठेवो." मुलींना बरोबर कळायचं. त्या पटापट शिकायच्या, आमच्यापेक्षा चांगल्या नाचायच्या, आणि दोन-अडीच वर्षांत वडिलांची बदली झाली की निघून जायच्या. जायच्या दिवशी त्यांच्या आया पेढे घेऊन यायच्या. मावशी हसून पेढा घ्यायची. ती मुलगी जिथे उभी राहायची ती जागा मग आठवडाभर कुणाला द्यायची नाही. काही मुलींची पत्रं यायची, जोधपूरहून, तेजपूरहून, कुठून कुठून. त्यात हमखास असायचं, इथे कथक शिकवणारं कुणी नाही. ते पत्र वाचून मावशी त्या दिवशी भाजीत मीठ विसरायची.

ती स्वतः काय नाचायची, हे मी कसं सांगू. तिला तरुणपणी एका मंडळीबरोबर परदेशच्या दौऱ्याला बोलावलं होतं. ती गेली नाही. का गेली नाही, हे घरात कुणी सांगत नाही आणि मीही कधी विचारलं नाही. मला आठवते ती एका पावसाळ्यात, वर्ग सुटल्यावर, एकटीच नाचताना दिसलेली. मी छत्री विसरले म्हणून परत आले होते. पदर खोचलेला, घुंगरू नाहीत, पत्र्यावर पाऊस वाजतोय आणि ती त्या पावसाला जणू तबलजी समजून त्याच्याशी काहीतरी बोलते आहे. चक्कर घेऊन थांबली ती बरोबर माझ्याकडे तोंड करून. मी थांबायचे तेव्हा नेहमी भिंत समोर यायची. ती म्हणाली, "छत्री दाराच्या मागे आहे." बस.

तर अशा बाईला मी सांगायला आले होते, की आता पुरे.

साडेचारला मुली आल्या. आता आठच आहेत, सगळ्या मोठ्या, कॉलेजात जाणाऱ्या. एकेक जण स्कूटी लावून आत यायची, फरशीला हात लावून डोळ्यांना लावायची. मावशी भिंतीशी खुर्चीत बसली. शहात्तर वर्षांची, पाठ ताठ, अंबाडा पांढरा. मला तिने कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं. मी भाषण मनात एकदा म्हणून पाहिलं आणि बसले.

मृण्मयी नावाच्या मुलीने फोन उघडून लेहरा लावला. लेहरा म्हणजे तालाची सोळा मात्रांची धून, तीच पुन्हा पुन्हा येत राहते आणि नाचणारा तिच्या आधाराने चालतो. आमच्या वेळी त्यासाठी पेटीवाले गुरव मास्तर यायचे. आता चहाच्या कपाएवढा स्पीकर खिडकीत ठेवतात. त्यावर निळा दिवा लागला, सारंगी सुरू झाली आणि मुली नाचू लागल्या.

मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, काय ते चटकन कळेना. मग कळलं. त्या सगळ्या बोलत होत्या. नाचताना, मोठ्याने, तोंड उघडून, एकेक अक्षर स्पष्ट. 'तिग्दा दिगदिग', 'तत् तत् थेई'. जप करतेस का म्हणून ज्या गॅरेजात मी वर्षानुवर्षं बोलणी खाल्ली, तिथेच. मावशी हाताने ताल देत होती आणि तिची नजर पायांवर नव्हती. ती एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर फिरत होती.

ती ओठ वाचत होती.

साधारण वीस मिनिटं झाली असतील. मुली दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत होत्या, सगळा जोर आला होता, आणि खिडकीतला निळा दिवा विझला. चार्जिंग संपलं. सारंगी मधेच तुटली.

मी स्टुलावरून अर्धी उठले. पण कुणी थांबलंच नाही. मृण्मयीने मान किंचित डावीकडे कलती केली आणि तोंडाने लेहऱ्याची धून धरली. शेजारच्या मुलीने ती उचलली. मग तिसरीने. चार जणी बोल म्हणत होत्या, चार जणी धून गात होत्या, पाय तसेच पडत होते. कुणी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. हे त्यांनी आज पहिल्यांदा केलं नव्हतं. मावशीचा हात ताल देत राहिला, सोळाव्या मात्रेवरून पहिल्या मात्रेवर, पुन्हा सोळाव्यावरून पहिल्यावर. ती शांतपणे पाहत होती. समेवर आठही जणी थांबल्या आणि मावशीने मान हलवली. मृण्मयी पाणी प्यायला म्हणून खिडकीशी गेली आणि पाठमोरी उभी राहून स्पीकरला वायर लावून आली.

मी बसले. माझ्या भाषणातली पहिली दोन वाक्यं तिथेच गळून पडली. पण सुहासला शब्द दिला होता.

वर्ग सुटल्यावर आम्ही गॅरेजच्या पायरीवर चहा घेतला. मुली कोपऱ्यात घुंगरू सोडत होत्या. मी मावशीच्या समोर बसले, तोंड तिच्याकडे करून, आणि सावकाश सुरुवात केली, की मावशी, सुहासला काळजी वाटते.

तिने कप खाली ठेवला. "मघाशी स्पीकर बंद पडला होता ना?"

मी खिडकीतल्या स्पीकरकडे पाहिलं.

"मृण्मयीची मान डावीकडे गेली, की समजायचं. दोन वर्षं झाली. त्यांना वाटतं मला कळत नाही."

मग तू त्यांना सांगत का नाहीस, असं मी विचारलं.

"सांगितलं तर त्या लाजतील, आणि चार्जिंग करून आणतील." ती हसली. "लेहरा बंद पडला की त्यांची लय आणखी पक्की होते. तुमच्या बॅचमध्ये एकीची तरी एवढी पक्की होती का?"

माझी तर नव्हतीच, हे मी मान्य केलं. माझ्या लयीबद्दल आमच्यात कधी मतभेद झालेले नाहीत.

मग तिने स्वतःच बोलायला सुरुवात केली. सुहासने तुला कशाला पाठवलं ते मला समजतं, म्हणाली. तू येऊन काही बोलायच्या आधीच मी ठरवलंय. या आठ जणींचं तोंड मला वाचता येतं. त्यांना बोल येतात, म्हणून काय चुकलं ते दिसतं. पण नवीन लहान मुलगी आली तर तिचं काय वाचू? तिला बोलच येत नाहीत. तिचा पाय चुकीचा पडला आणि मला ऐकूच आला नाही, तर ती चूक तिच्या पायात राहणार. पुढे कुणाला काढता येत नाही ती.

"चुकीचं शिकवून मला कुणाला पाठवायचं नाही," मावशी म्हणाली. "नवीन कुणी घेणार नाही आता. या आठ जणी झाल्या, की संपलं. सांग सुहासला."

म्हणजे माझं काम झालं होतं. भाषण न करताच. एवढं सोपं काम मला घरात कधी मिळालं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी चहात पाहत बसले. समोरच्या इमारतीची सावली बोगनवेलीवर आली होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. एक तरुण बाई सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन आत आली. कॅम्पमधून आल्या होत्या, रिक्षाने, पत्ता विचारत विचारत. बाई हिंदीत मला म्हणाली, की इथे कथक शिकवतात ना, ह्यांची पोस्टिंग नुकतीच देवळालीला झाली आहे, मुलीला खूप आवड आहे. मी मावशीकडे पाहून त्याचा सारांश सांगितला. मावशीने मान हलवली. "सांग त्यांना, नवीन घेत नाही. नीट सांग, एवढ्या लांबून आल्यात."

मी नीट कसं सांगावं याचा विचार करत होते. समजूतदार माणसाला वेळ लागतो. त्या दरम्यान मुलीने बूट काढले होते, मोजे त्यात कोंबले होते आणि ती गॅरेजात जाऊन उभी होती. मृण्मयी कोपऱ्यात उभ्या उभ्या सहज तत्कार करत होती. मुलगी तिचं पाहून करू लागली. समोरचे दोन दात पडलेले, जीभ त्या फटीतून बाहेर. डावा पाय आधी टाकत होती. सगळंच उलटं.

मी मावशीकडे पाहिलं. ती त्या पायांकडे पाहत होती. तिच्या कपाळाला आठी पडली, ती मला लहानपणापासून पाठ आहे.

"उजवा आधी," मावशी म्हणाली.

मुलीला मराठी कळलं नाही. तिने डावाच टाकला.

मावशी उठली. कोपऱ्यातलं स्टूल ओढून तिने मुलीपुढे ठेवलं आणि एक हात गुडघ्यावर देत त्यावर बसली. मग वाकून दोन्ही हातांनी मुलीचे घोटे धरले. "बेटा, मैं बोलूँगी, तू चल." आणि डोळे मिटले. तिने डोळे मिटलेले मी वर्गात कधीच पाहिले नव्हते. "ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्." तिच्या हातात ते इवलेसे घोटे उचलले जात होते, पडत होते. आधी तिने चालवले, मग हळूहळू पकड सैल केली, नुसते तळवे लावून ठेवले. मुलगी चालत राहिली. कोपऱ्यातल्या आठही जणी घुंगरू हातात धरून थांबल्या होत्या. फटाफट पडणाऱ्या दोन अनवाणी पावलांशिवाय आवाज नव्हता, आणि तो आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता, एकटी मावशी सोडून.

"थांब," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. "उजवी टाच अर्धीच पडते हिची. पंजावर घेते." आणि पुन्हा सुरू केलं. दहा-बारा वेळा झाल्यावर डोळे उघडून म्हणाली, "हं. आता पडली."

ती खरंच पडली होती. मी पाहत होते. अर्थात टाचांबद्दल माझं मत कुणी धरू नये.

मुलीच्या आईला आता खरं सांगून टाकावंसं वाटलं असावं. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, की आम्ही इथे दोनच वर्षं आहोत, मग कुठे जाऊ ठाऊक नाही, तर मॅडम घेतील ना? मी मावशीसमोर जाऊन बसले आणि तिच्या डोळ्यांत पाहून, तोंड मोठं करून सांगितलं, की दोनच वर्षं आहेत हे लोक.

मावशीने मुलीचे घोटे सोडले नव्हते. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मुलीकडे.

"मला तरी कुठे जास्त हवीत," ती म्हणाली. "वही कपाटात आहे. नाव लिहून घे."

मी उठले. कपाटात वही होती. मुलीचं नाव तिच्या आईला विचारून मी ते सगळ्यात खालच्या ओळीत, शक्य तितक्या सुवाच्य अक्षरात लिहिलं. लिहीत असतानाच पिशवीत फोन वाजला. सुहास. तो ऑफिसमधून बाहेर येऊन बोलत होता, मागे रहदारीचा आवाज होता. मी दाराबाहेर गेले. आत मावशीचा आवाज चढत होता, ऐकू न येणाऱ्या माणसांचा चढतो तसा, 'आ थेई थेई तत्', आणि फरशीवर ती दोन पावलं.

बोललीस का तिच्याशी, सुहासने विचारलं.

हो, म्हटलं.

"मग? काय ठरलं?"

"सोमवार, बुधवार, शनिवार," मी म्हणाले. "साडेचार ते साडेपाच."